यादीत न आलेली माणसं

"नंबर चुकीचा दिला असेल तुम्ही," दवाखान्याचा कॉम्प्युटर सांभाळणारे काका स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

"नाही हो. बारा वर्षं एकच नंबर आहे माझा," टेलरबाई म्हणाल्या. आठ महिन्यांपूर्वी याच दवाखान्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तीन महिन्यांनी तपासणीला बोलावू, फोन येईल, असं त्यांना सांगितलं होतं. फोन काही आला नाही. डोळ्यातलं प्रेशर वाढत गेलं आणि आज डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही.

"मग वाजला असेल आणि तुम्हाला कळलं नसेल. शिलाई मशीनच्या आवाजात कुठलं ऐकू येतंय!"

शेजारी उभी असलेली मुलगी आईवरच उखडली. "तरी मी म्हणत होते, नंबर नीट सांगत जा! आता बस एका डोळ्याने शिवत." टेलरबाई पिशवी उचलून मुलीच्या मागे निघाल्या.

आपल्या क्वेरीवर, म्हणजे कॉम्प्युटरकडून यादी मागवणाऱ्या आज्ञेवर, काकांचा भारी जीव. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच ती लिहिली होती. दर सोमवारी ती चालवायची, तपासणी राहिलेल्यांची यादी निघायची आणि फोनवाल्या ताई एकेकाला बोलावून घ्यायच्या. "नऊ वर्षांत एकदा जरी एरर आली असेल तर मिशी काढीन," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणाले होते की आताशा ताईच ते पूर्ण करायच्या.

"पण काका, त्यांचं नाव माझ्या यादीत कधी आलंच नाही," ताई हळूच म्हणाल्या. "आलं असतं तर पुढे खूण असती माझी."

"आलंच असणार," काका तोऱ्यात म्हणाले. पण जेवणाच्या सुट्टीत ते जागचे हलले नाहीत, क्वेरी उघडून ओळ न् ओळ तपासत बसले.

कॉम्प्युटरमधल्या एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, ऑपरेशनं होती, दुसऱ्यात नंतरच्या तपासण्या. क्वेरी दोन्हीकडे सापडणाऱ्यांनाच घ्यायची. ऑपरेशननंतर जो एकदाही आला नाही, त्याची दुसऱ्या टेबलात ओळच नसायची आणि तो बिनबोभाट गळायचा. म्हणजे येणाऱ्यांना या म्हणून फोन जात होते, आणि कधीच न आलेल्यांना कुणी विचारत नव्हतं. एरर येणार कशी? मशीनला सांगितलं होतं तेच ते करत होतं.

काकांनी दोन्ही टेबलांची जोडणी बदलली. दुसरीकडे काही नसलं तरी पहिल्या टेबलातली सगळी माणसं राहू देत. यादी पुन्हा या सोमवारइतकीच, एकसष्ट नावांची आली. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. मग खालची अट दिसली. शेवटची तपासणी तीन महिन्यांपेक्षा जुनी हवी. ज्यांची तपासणीच नाही त्यांची तारीख रिकामी, आणि रिकाम्या तारखेला मशीन जुनी म्हणत नाही. 'किंवा तारीख रिकामी आणि ऑपरेशनला तीन महिने उलटलेले' एवढं जोडून त्यांनी बटण दाबलं.

दोनशे चार.

टेलरबाईंची आजची तपासणी अजून नोंदवलेली नव्हती, त्यांचाही नंबर त्यात होता. काकांचे कान तापले. मघाशी आपण त्यांच्याशी काय बोललो, ते शब्द न् शब्द आठवलं आणि कुठे तोंड लपवावं ते कळेना.

"सिस्टममध्ये गडबड होती म्हणा," ताई त्यांचा चेहरा बघून म्हणाल्या. "सगळे तेच म्हणतात. कोण विचारायला येतंय?"

काकांनी फोन ओढला.

"मी दवाखान्यातून बोलतोय. सकाळी तुम्हाला नंबर चुकला म्हणालो, तो मीच. तुमचा नंबर बरोबर होता, बाई. यादी मी चुकीची काढत होतो. आम्ही फोन केलाच नव्हता."

पलीकडची मशीनची घरघर थांबली. "मग आता नजर येईल का परत?"

"नाही."

"हं." "मग हे लेकीला सांगा. सकाळपासून बोलत नाहीये माझ्याशी. माझ्याच वेंधळेपणानं डोळा गेला म्हणते."

"तुम्हीच सांगा ना, बाई... मी उद्या येऊन भेटतो हवं तर."

"माझं तिला खरं वाटायचं नाही. थांबा, देते."

फोन या हातातून त्या हातात गेला. "हॅलो, कोण?" मुलीने तुटक विचारलं.

काका खुर्चीतून उठून उभे राहिले आणि पहिल्यापासून सांगू लागले.