खिळ्यावरचा मग

रविवारी सकाळी देजानिराने घेवड्याचा कुकर लावला होता. दुसरी शिट्टी झाली तेवढ्यात दोना लावीनिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. घरच्या या मालकीणबाई स्वयंपाकघरात सहसा पाऊल टाकत नाहीत. काही हवं असेल तर जेवणाच्या खोलीतून घंटी वाजवतात.

"तो गॅस बंद कर," त्या म्हणाल्या. "आज तू आमच्याबरोबर बाहेर जेवायला यायचंस."

देजानिराने गॅस बंद केला नाही. "कोणाला सांभाळायचंय?" तिने विचारलं.

हा प्रश्न तिच्या तोंडी सहज आला. साओ पावलोतली मोठमोठी हॉटेलं तिने आतून पाहिलेली होती. दोना लावीनियांच्या मुलाची, ओतावियोची, मुलं लहान असताना त्या तिला बरोबर न्यायच्या. पांढरा झगा, पांढरे बूट, टेबलाच्या कडेला खुर्ची. मुलांच्या तोंडात घास घालायचा, सांडलेलं पुसायचं. तिच्यासमोर कोणी ताट ठेवत नसे. आमच्याकडे ही रीतच आहे आणि तिचं कोणाला काही वाटत नाही. त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या मलाही वाटत नव्हतं.

"कोणाला नाही. नुसतं जेवायचं. आणि तो पांढरा झगा नको घालूस. माझा निळा ब्लाउज देते," दोना लावीनिया म्हणाल्या.

हे ऐकून मात्र देजानिराने गॅस बंद केला. मला काहीतरी झालंय, तिला वाटलं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी छाती तपासली होती, त्यांनी बाईंना एकीकडे घेऊन काही सांगितलं असणार.

आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर ती नऊ वर्षांची असताना आली. दोना लावीनियांच्या मामांची दूर उत्तरेला पियाउईकडे शेतीवाडी होती. तिथल्या एका गड्याची ही पाचवी मुलगी. "आम्ही हिला मुलीसारखी वाढवू, शाळेत घालू," असं तिच्या आईला सांगून बाईंनी तिला आणलं. शाळा पुढच्या वर्षावर गेली, मग त्याच्या पुढच्या वर्षावर. ती अकरा वर्षांची असताना ओतावियो जन्मला, आणि त्याला न्हाऊमाखू घालायला कोणीतरी हवंच होतं. आज ती बावन्नची आहे. पगार म्हणून तिला कधी काही मिळालं नाही. घरच्या मुलीला कोणी पगार देतं का? सुट्टीही नाही. घरच्या मुलीला सुट्टी कशाला? झोपायला कपडे धुण्याच्या जागेमागची बिनखिडकीची खोली, खाली जायला नोकरांची लिफ्ट, आणि पाणी प्यायला एक एनॅमल उडालेला, निळ्या काठाचा पत्र्याचा मग. तो धुण्याच्या जागेत खिळ्याला टांगलेला असे. घरातल्या बाकीच्या भांड्यांत तो मिसळायचा नाही, हे पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं.

तर त्या रविवारी निळा ब्लाउज घालून ती मालकांच्या पुढच्या लिफ्टने खाली उतरली. इमारतीच्या दाराशी बसणारा गिल्दासियो तिच्याकडे नुसता बघतच राहिला.

हॉटेल मांसाचं होतं, शहरातलं नावाजलेलं. वाढपी लोखंडी सळ्यांना लावलेलं भाजकं मांस घेऊन टेबलाटेबलाने फिरत होते. प्रत्येकापुढे एक गोल चकती. हिरवी बाजू वर असेल तर वाढत राहायचं, लाल केली की थांबायचं. दोना लावीनियांनी आपली चकती केव्हाच उलटली. देजानिराला ते कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यापुढे सळ्या येतच राहिल्या आणि वाढलेलं नाकारायची सवय नसल्यामुळे ती खातच राहिली. शेवटी एका वाढप्याला तिची दया आली असावी. त्याने वाकून हळूच तिची चकती लाल करून ठेवली.

"देजा, इकडे बघ! हास की जरा!" ओतावियोने मोबाइल उचलला. "आईच्या गळ्यात हात टाक."

त्रेचाळीस वर्षांत दोना लावीनियांच्या गळ्यात तिने कधी हात टाकला नव्हता. आता टाकला. बाईंचा खांदा लाकडासारखा ताठ झाला, हे तिला स्पष्ट जाणवलं.

पुढच्या रविवारी जपानी हॉटेल. तिथे काड्यांनी खायचं होतं. तिच्या हातून तांदळाचा गोळा दोनदा खाली पडला. ओतावियोने फोटो मात्र काडी नीट धरलेली असताना काढला. घरी परतताना गाडीत तो आईला हळू म्हणाला, "अजून एक झालं की पुरे." देजानिराने ते ऐकलं. कसलं पुरे? आपल्याला गावी पाठवताहेत आणि हे निरोपाचं जेवण चाललंय, असं तिला आता वाटायला लागलं. पण निरोप द्यायचा तर तो एका जेवणात देतात. तीन तीन रविवार लागतात होय?

सोमवारी सकाळी ती कचरा घेऊन मागच्या जिन्याने खाली गेली. गिल्दासियो नळाखाली झाडू धूत होता. तो सिआराचा, तिच्यासारखाच उत्तरेकडच्या कोरड्या मुलखातला. त्यामुळे दोघांत थोडी ओळख होती.

"काय गं, थाट आहे तुझा," तो म्हणाला. "नाताळात कापायच्या टर्कीला आधी मका भरवतात ते पाहिलंयस ना?"

"म्हणजे? मला हाकलणार आहेत?"

"हाकलतील कशाला? ठेवून घ्यायची धडपड चाललीय." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तीन आठवड्यांपूर्वी कामगार कार्यालयाची नोटीस आली सातव्या मजल्याला. मीच सही करून ती ताब्यात घेतली. तुझं नाव होतं तिच्यात. बिनपगारी राबवतात, कोंडून ठेवतात, अशी तक्रार आहे. मंगळवारी, पुढच्या मंगळवारी बोलावलंय. तिथे तू घरची मुलगी आहेस असं दाखवायचंय त्यांना. म्हणून हे फोटो."

"कोणी केली तक्रार?"

गिल्दासियो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "दाराशी बसणाऱ्याला रविवारी कोण कोण बाहेर जातं ते दिसतं. कोण कधीच जात नाही, तेही दिसतं."

"आणि तुझं काय जातंय रे यात?" ती एकदम उसळली. "तुला काय मिळणार? बाई तुला कधी ओरडल्या असतील, त्याचा सूड माझ्या नावावर काढतोस होय?"

तो झाडू उचलून निघून गेला.

आता तिला कोणाचाच भरवसा वाटेना. बाईंचा नाही, गिल्दासियोचा नाही. ओतावियोचा मात्र विचारही तिला करवत नव्हता. त्याचे पहिले दात आले तेव्हा रात्रंदिवस तिनेच त्याला खांद्यावर घेतलं होतं. मग कळायचं कसं, कोण खरं? कागद वाचता येत नव्हता. वाचता येत असता तर हा प्रश्नच नव्हता म्हणा.

बुधवारी दुपारी तिने एक केलं. जेवणाच्या खोलीतल्या कपाटातून काचेचा चांगला पेला काढला, पाणी भरलं, आणि दोना लावीनिया समोर बसलेल्या असताना त्यांच्यादेखत प्यायली. रविवारी हॉटेलात याहून भारी पेल्यातून ती प्यायली होती. त्याचा फोटो होता. घरची मुलगी असेल तर घरातही चालायला हवं.

दोना लावीनियांनी मासिकातून डोकं वर केलं. "अगं, तुझा मग हरवला का?"

"नाही बाई. आहे खिळ्यावर."

"मग?" एवढंच म्हणून त्या थांबल्या. त्यांना काहीतरी आठवलं असावं. "असू दे, असू दे. पी," असं म्हणून त्यांनी ओठ ताणून हसून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कचरा बांधताना तो पेला तिला डब्यात सापडला. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला होता. त्याला साधा तडाही गेला नव्हता.

देजानिरा ओट्याशी बसून पुष्कळ रडली. राग नंतर आला. आधी नुसती लाज वाटली, की त्रेचाळीस वर्षं हे आपल्याला कसं कळलं नाही. कचऱ्याची पिशवी खाली नेली तेव्हा तिने गिल्दासियोला एवढंच विचारलं, "त्या कार्यालयात एकटीने गेलं तर आत घेतात का?"

"घेतात," तो म्हणाला. "आणि राहायला माझ्या बहिणीकडे जागा आहे."

तिसऱ्या रविवारचं हॉटेल सगळ्यांत भारी होतं. इथे टेबल मिळायला महिनामहिना थांबावं लागतं. पांढरंशुभ्र टेबलकापड, प्रत्येकापुढे चार चार पेले, आणि चौथ्या खुर्चीवर एक जाडसर गृहस्थ. हे घरचे वकील. जेवण मागवायच्या आधीच त्यांनी बॅगेतून एक कागद काढला.

"देजानिराबाई, छोटंसं काम आहे, मग निवांत जेवू," ते गोड आवाजात म्हणाले आणि वाचू लागले. "मी या घरात मुलीसारखी वाढले. घरकामात स्वखुशीने हातभार लावते. मला कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. झालं, एवढंच."

"कर गं सही," ओतावियो म्हणाला. "तू आमचीच आहेस ना?"

"तिला सही येत नाही," दोना लावीनियांनी वकिलांना सांगितलं.

"काही हरकत नाही, अंगठा चालेल." वकिलांनी खिशातून शाईची लहानशी डबी काढून चांदीच्या काट्याचमच्यांच्या मध्ये ठेवली. माणूस तयारीनेच आला होता.

देजानिराने त्या डबीकडे पाहिलं. मग ओतावियोकडे.

"ओतावियो, तुला सही येते?"

"म्हणजे काय, येते की."

"मी घरची मुलगी, तू घरचा मुलगा. मग माझा अंगठा कसा रे?"

दोना लावीनियांनी आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं. "हळू बोल, देजा. तमाशा नको."

देजानिराने मांडीवरची पर्स उघडली. बाईंनीच दिलेली होती ती. तिच्यातून तिने निळ्या काठाचा पत्र्याचा मग काढला आणि त्या चकचकीत पेल्यांच्या रांगेत ठेवला.

"आता काढ फोटो," ती ओतावियोला म्हणाली. "घरात मी यातून पिते. मंगळवारी हाही दाखव त्यांना."

ओतावियोने मोबाइल उचलला नाही. उलटा करून टेबलावर ठेवला. त्या मगाकडे तो असा बघत होता, जणू तो त्याने आयुष्यात कधी पाहिलाच नव्हता. त्या घरात तो एक्केचाळीस वर्षं वावरला होता, खिळ्यासमोरून हजारदा गेला होता.

"खाल्ल्या मिठाला जागली नाहीस," दोना लावीनिया दात चावून म्हणाल्या.

"मीठ मीच घालत होते बाई, त्रेचाळीस वर्षं," देजानिरा म्हणाली. "तुम्ही मला मुलगी म्हणू नका. मोलकरीण म्हणा. मोलकरणीला पगार असतो. मोलकरणीला रविवार असतो."

वकिलांनी शाईची डबी मुकाट्याने खिशात टाकली.

एवढ्यात पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन वाढपी आला. टेबलावरचा मग त्याला दिसला. क्षणभर तो थबकला, पण भारी हॉटेलातला माणूस, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. तो देजानिराच्या बाजूला वाकला.

"बाई, साधं पाणी की सोड्याचं?"

आधीचे दोन रविवार तिच्यासाठी दुसरेच मागवत होते. त्याआधीच्या त्रेचाळीस वर्षांत तिला काय हवं हे कोणी विचारलंच नव्हतं.

"साधं," ती म्हणाली. "यातच ओता."

त्याने ओतलं. तिने मग तोंडाला लावून सगळं पाणी संपवलं, तो पर्समध्ये ठेवला, उठली आणि दाराबाहेर चालायला लागली. हातात घराची किल्ली नव्हती. तिला ती कधी दिलीच नव्हती.

मंगळवारी कामगार कार्यालयातल्या बाईंनी फॉर्म भरताना विचारलं, "त्या कुटुंबाशी तुमचं नातं?" देजानिरा म्हणाली, "मोलकरीण." त्या घरासंबंधी तिने उच्चारलेला हा पहिला खरा शब्द, असं ती मला नंतर म्हणाली. ही सगळी हकीकत मला तिनेच सांगितली, गिल्दासियोच्या बहिणीच्या घरी. खटला अजून चालू आहे. ती सध्या संध्याकाळी मोठ्या माणसांच्या शाळेत जाते आणि स्वतःचं नाव लिहायला शिकते. "दे" तिला नीट जमतो, "जा" जरा तिरपा येतो.

आमच्या इमारतीत मात्र पहिले काही दिवस दुसरीच चर्चा होती. किती केलं तिच्यासाठी, शेवटी जातीवर गेली, असं लिफ्टमध्ये बायका म्हणायच्या. पुढच्या लिफ्टमध्ये अर्थातच. मी नवव्या मजल्यावर राहते. मीही मान हलवली, खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी घरी आले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडे इलेनी नावाची बाई अठरा वर्षं कामाला आहे. तिला पगार आहे, रविवार आहे, त्यामुळे माझं मन अगदी स्वच्छ होतं. फळीवर आठ सारखे पांढरे कप उपडे घातले होते. त्यातल्या एकाच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता. तो दोरा मीच बांधला होता, इलेनीचा कप चुकून आमच्यात मिसळू नये म्हणून. केव्हा बांधला तेही मला आठवेना.

मी कात्री घेऊन तो दोरा कापून टाकला. त्याला आता चार महिने झाले. पण त्या आठांतला तिचा कप कुठला, ते मला अजूनही लांबून ओळखू येतं.