दोन दुकानांचा तराजू

मी एक तराजू. वाण्याच्या दुकानातला पितळी नव्हे, सोनाराच्या पेटीतला नाजूकही नव्हे. दोन करवंट्या, एक बांबूची काडी आणि थोडी सुतळी, एवढाच माझा जीव. माझ्यात खरा माल कधी फारसा पडलाच नाही. पडले ते चिंचोके, गुंजा, शिंपले आणि खाडीची रेती. तरीही मी थकलोय. कसा ते सांगतो.

माझा जन्म ठाण्यात, सुमतीबाईंच्या स्वयंपाकघरात झाला. सुमतीबाई पुण्याला राहून शिक्षिकेचं शिक्षण घेऊन आलेल्या. तिथे त्यांनी विलायतेहून आलेली एक पेटी पाहिली होती. तिच्यात लाकडाचे ठोकळे होते, लोकरीचे चेंडू होते, आणि लहान मुलं खेळता खेळता शिकतात असं त्यांना तिथे सांगितलं होतं. तशी पेटी ठाण्यात कुठून मिळणार? एके दिवशी त्यांनी नारळ फोडला, खोबरं काढलं आणि दोन्ही करवंट्या हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

त्यांचे यजमान त्र्यंबकराव कोर्टात कारकून होते. ते बाहेरून आले तर ही बाई करवंट्यांना भोकं पाडते आहे.

"आज जेवायला हेच का?" त्यांनी विचारलं.

"ही काडी जरा धरा," बाई म्हणाल्या.

त्यांनी काडी धरली. माझी एक करवंटी दुसरीपेक्षा मोठी होती, म्हणून मी एका बाजूला कललो. बाईंनी हलक्या करवंटीच्या बुडाला थोडं थोडं मेण लावलं, मला पुन्हा पुन्हा उचलून पाहिलं, आणि शेवटी माझी दांडी सरळ राहिली. त्र्यंबकराव म्हणाले, "आमच्या कोर्टाला पाहिजे हा." बाई हसल्या. त्यांना असं मोकळं हसताना मी त्यानंतर फार वेळा पाहिलं नाही.

शाळा भरायची ती हरिहरपंतांच्या ओसरीवर. हरिहरपंत वकील होते. तलावापासून जवळच त्यांचं घर होतं. मुलींनी शिकावं असं त्यांना मनापासून वाटे, म्हणून त्यांनी ओसरी दिली होती. त्यांची नात उत्तरा पाच वर्षांची. ती आणि तिच्याएवढ्या आणखी मुली सकाळी येत. ओसरीच्या खांबाला एक खुंटी होती, तिला बाई मला टांगत आणि म्हणत, "चला, दुकान उघडलं."

पहिल्यांदा मुली बिचकल्या. शाळा म्हणजे मांडी घालून बसायचं आणि ओरडून म्हणायचं, असंच त्यांनी भावांकडून ऐकलं होतं. इथे एक जण दुकानदार व्हायची, बाकीच्या गिऱ्हाईक. एका करवंटीत गारगोटी ठेवायची आणि दुसरीत दांडी सरळ होईपर्यंत चिंचोके टाकत जायचं. किती टाकले ते मोजायचं. कोणी जास्त घातले तर गिऱ्हाईक गप्प, कमी घातले तर भांडण. त्या भांडणातच मुली बेरीज-वजाबाकी शिकल्या, आणि आपण काही शिकलो हे त्यांना कळलंही नाही.

नंदा आली ती चेंदणीच्या कोळीवाड्यातून. तिचा बाप पोपट होडी घेऊन मासेमारीला जायचा आणि आई रखमाबाई बाजारात सुकी मासळी विकायची. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन निघताना पोरीला कुठे ठेवायचं हा रखमाबाईपुढे प्रश्नच असे. कोळीवाड्यातली पोरं आता शिकू लागली होती, तेव्हा आपली पोरही बसेल, असा विचार करून तिने नंदाला ओसरीवर आणून सोडलं. हरिहरपंत तेव्हा घरात नव्हते. बाईंनी नंदाला आत घेतलं आणि उत्तराशेजारी बसवलं.

दुकानदार व्हावं तर नंदानेच. तिने आईला बाजारात पाहिलं होतं. ती मांडी घालून बसायची, पदर नसला तरी कमरेला खोचल्यासारखा हात करायची आणि विचारायची, "काय पायजे, बाय?"

"मीठ," उत्तरा म्हणायची.

"कालच तर नेला."

"ते संपलं."

मग नंदा माझ्या करवंटीत रेती ओतायची आणि दांडी सरळ झाल्यावर वर एक चिमूट जास्त टाकायची. "ही तुजे पोराला," ती सांगायची. उत्तराला हे इतकं आवडायचं की ती फक्त त्या चिमटीसाठी पुन्हा पुन्हा मीठ न्यायची.

एके दिवशी बाईंनी कुरमुरे आणले. एवढ्याशा गारगोटीसमोर कुरमुऱ्यांचा केवढा ढीग लागतो, हे मुलींना दाखवायचं होतं. नंदा ओंजळीने कुरमुरे टाकत होती आणि दांडी हलत नव्हती. मुली पोट धरून हसत होत्या. शेवटी दांडी सरळ झाली आणि नंदाने तो सगळा ढीग उत्तराच्या ओच्यात ओतला. उत्तराने तो तिथेच बसून खाल्ला.

दुपारी जेवताना उत्तराने घरात सगळं सांगितलं. तिला वाटलं, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

हरिहरपंतांची थोरली बहीण मंदाकिनीआत्या त्यांच्याकडेच असत. लहानपणी विधवा झालेल्या, सोवळंओवळं हाच त्यांचा संसार. त्यांनी उत्तराला मागच्या दारी नेऊन आंघोळ घातली आणि स्वतः जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच हरिहरपंत ओसरीवर आले. खांबाला हात लावून उभे राहिले आणि माझ्याकडे पाहू लागले.

"सुमतीबाई, मी जुन्या मताचा माणूस नाही, तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण मला घरात राहायचंय."

"मी खायचं काही आणणार नाही," बाई म्हणाल्या.

"तेवढ्याने भागणार नाही. ती कोळ्याची मुलगी अंगणात बसू दे. शिकू नको असं कोण म्हणतंय? शिकू दे. फक्त खाली बसू दे."

ओसरी त्यांची नव्हती. त्या दिवशी नंदा अंगणात बसली. मी वर खांबाला. तिने पायरीशी उभं राहून हात उंच केला, पण करवंटीपर्यंत तो पोचेना. उत्तरा वरून तिला चिंचोके टाकायला निघाली, तेव्हा आतल्या खिडकीतून आत्यांनी हाक मारली. मुलगी थबकली.

बाजार आटोपून रखमाबाई लेकीला न्यायला आली. तिने अंगण पाहिलं, ओसरी पाहिली आणि पाटी खाली ठेवली.

"बाय, माजी पोर खाली का बसलीय?"

सुमतीबाई पायरी उतरून अंगणात आल्या.

"मी भांडाया नाय आली," रखमाबाई म्हणाली. "तुमी चांगल्या हाव. पन पोरीला खाली बसाया शिकवाया शाला कशाला लागते? ते तिला लोक शालेशिवाय बी शिकवतील."

तिने नंदाला कडेवर घेतलं. एवढी मोठी पोर, तरी कडेवर घेतलं आणि गेली.

त्या संध्याकाळी बाई घरी येऊन मला मांडीवर घेऊन बसल्या. त्र्यंबकराव म्हणाले, "ओसरी गेली तर दुसरी कोण देणार आहे? जेवढं होतंय तेवढं कर." त्यांचंही चुकत नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग झाला तशी त्यांनी मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, काखेत मारलं आणि भर उन्हात चेंदणीची वाट धरली.

रखमाबाई दारात मासळी उन्हाला घालत होती. बाईंना पाहून तिने हात पुसले.

"तिला परत तिथे बोलवायला तोंड नाही मला," बाई म्हणाल्या. "मी इथे आले तर चालेल का?"

रखमाबाईने मागे वळून पाहिलं. वाड्यातली पोरं एव्हाना गोळा झालीच होती. तिने जाळ्यांच्या मांडवाकडे बोट दाखवलं. "तिथं सावली हाय," ती म्हणाली.

तेव्हापासून माझी दोन दुकानं झाली. सकाळी वकिलांची ओसरी, दुपारी कोळीवाड्यातला मांडव. तोच पाठ, त्याच गारगोट्या, तेच चिंचोके. सकाळी हसवून झालेल्या गोष्टीवर बाई दुपारी पुन्हा हसवत, आणि दुपारी त्यांचा आवाज बसलेला असे. खरं सांगायचं तर मला वजनाने कधी थकवा आला नाही. मला थकवलं ते हा एकच दिवस दोनदा जगण्याने. दोन पोरींना एका चटईवर बसता येत नाही, म्हणून एका बाईने रोज एवढं चालायचं.

त्र्यंबकराव एकदा कळवळून म्हणाले, "अगं, दुसरा तराजू कर ना. करवंट्यांना काय तोटा आहे? एक तिकडे राहील, एक इकडे. निदान ओझं तरी वाचेल."

"ओझं कसलं त्याचं," बाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "दोन केले की मग ते कायमचंच होईल."

उत्तराने पहिले काही दिवस दुकानात भागच घेतला नाही. मग एके सकाळी बाई मला गुंडाळत असताना ती जवळ आली आणि म्हणाली, "बाई, नंदाला सांगा, माझं मीठ संपलं."

बाईंनी तो निरोप दुपारी जसाच्या तसा सांगितला. नंदाने गंभीरपणे रेती तोलली, वर चिमूटभर टाकली आणि पानात बांधून दिली. दुसऱ्या दिवशी ती पुडी उत्तराला मिळाली. उत्तराने त्या पुडीच्या बदल्यात माझ्या करवंटीत लाल गुंजा ठेवल्या. तिकडून शिंपले आले. असं वर्षभर चाललं. मला कपड्यात गुंडाळताना बाई कधी करवंटी झटकत नसत.

मग मुंबईची मरी ठाण्यात आली. आधी उंदीर मेले, मग काखेत गाठ येऊन माणसं मरू लागली. शाळा बंद झाली. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला आणि लोक डोंगराकडच्या माळावर झोपड्या बांधून राहायला गेले. ब्राह्मणांच्या झोपड्या एका रांगेत, कोळ्यांच्या दूर दुसऱ्या रांगेत. पण मधल्या माळावर भिंत नव्हती, आणि पोरांवर लक्ष ठेवायला कोणाला सवड नव्हती.

बाईंनी मला आंब्याच्या खालच्या फांदीला टांगलं. कोणाला बोलावलं नाही. पोरं आपोआप आली, दोन्ही रांगांतून आली. नंदा आणि उत्तरा वर्षभराने समोरासमोर उभ्या राहिल्या. दोघी आता सात वर्षांच्या होत्या आणि जरा लाजल्या.

"मीठ पुरला का?" नंदाने विचारलं.

"नाही पुरलं," उत्तरा म्हणाली, आणि दुकान सुरू झालं.

मंदाकिनीआत्या आपल्या झोपडीच्या दारात बसून हे पाहत. पहिले काही दिवस त्या उत्तराला हाका मारत. पुढे मारीनाशा झाल्या. एकदा तर त्यांनी तिला विचारलं, "आज काय विकलंन तिने?"

मग पोपटला गाठ आली. त्याला इस्पितळाच्या तंबूत नेलं आणि तो तिथून परत आला नाही. तिसऱ्या दिवशी नंदा आंब्याखाली आली, पण दुकानावर बसली नाही. एका बाजूला मातीत बसून राहिली. उत्तरा दुकानदाराच्या जागी बसली, एका करवंटीत रेती भरत गेली, भरत गेली, दांडी पार खाली आली तरी थांबली नाही. मग मला फांदीवरून काढून ती भरलेली करवंटी तिने नंदापुढे धरली.

"घे," ती म्हणाली. "सगळं घे. तोलायचं नाही."

सुमतीबाईंनी तोंड फिरवलं. तेवढ्यात आत्या उठून आल्या. त्यांच्या ओच्यात कुरमुरे होते. त्या नंदापाशी आल्या, माझी दुसरी करवंटी रिकामी होती तिच्यावर हात धरला आणि कुरमुरे वरून सोडले. कशालाही हात लागू दिला नाही. पण सोडले.

"खा गं," त्या म्हणाल्या, आणि परत गेल्या.

मरी ओसरली तशी माणसं गावात परतली. वर्ग पुन्हा सुरू करायचा म्हणून बाई हरिहरपंतांकडे गेल्या. त्यांना वाटलं होतं, आता नंदासाठी वेगळं काही बोलावं लागणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. ओसरी शेणाने सारवून घेतली होती. बाईंनी नंदाचं नाव काढलं तेव्हा हरिहरपंतांनी आत पाहिलं. दाराआडून आत्यांचाच आवाज आला.

"तिकडचं तिकडे."

त्या रागावलेल्या नव्हत्या. थकलेल्या वाटल्या.

नंदा तशीही येणार नव्हती. बाप गेल्यावर ती आईबरोबर बाजारात जाऊ लागली. रखमाबाईला आता एकटीने पाटी उचलवत नव्हती. उत्तराही पुढच्या वर्गात गेली, मग तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. दोन्ही दुकानं पुन्हा सुरू झाली, दोघींच्या जागी दुसऱ्या मुली आल्या. इकडच्यांना तिकडच्यांची नावंही माहीत नाहीत. त्या कोणाला निरोप पाठवत नाहीत.

मरी ओसरली त्याला आता तीन वर्षं झाली. माझ्या एका करवंटीला चीर गेली आहे. बाईंनी ती राळेने बुजवली, त्यामुळे ती बाजू जड झाली आणि दुसरीला पुन्हा मेण लावावं लागलं. सुतळी तर किती वेळा बदलली. बाईंचे गुडघे दुखतात. हल्ली त्या दुपारी चेंदणीला जाताना तलावाच्या काठावर थोडा वेळ टेकतात, मला बाजूला ठेवतात आणि पाण्याकडे पाहतात. मग उठतात. अजून एकही दिवस त्या उठल्या नाहीत असं झालं नाही.

माझं फार आयुष्य उरलेलं नाही. करवंटीच ती, फुटेल कधीतरी. कौतुक नको, जपूनही ठेवू नका. मी फुटलो तर बाई दुसरा नारळ फोडतील, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी ज्याची ओसरी असेल त्याला एवढंच सांगतो. एक खुंटी ठोका. मला तिथे टांगा, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहू द्या. ज्यांना यायचं आहे ती मुलं येतील. आणि ती बाई एक दुपार घरी जाऊन पाठ टेकेल.