दादीचं माहेर कोणतं

मुलांनो, घटकाभर असं समजा, की तुम्ही जुन्नरच्या पेठेत राहता. खाली तुमच्या आजोबांचं कापडाचं दुकान आणि वर घर. येत्या रविवारी तुमच्या मोठ्या बहिणीचा साखरपुडा आहे. सगळे खुशीत आहेत. फक्त तुम्हाला एक गोष्ट कळली आहे, आणि ती तुम्ही बोललात तर साखरपुडा मोडेल. आता जेवायला बसून बघा. घास खाली उतरतोय का? नाही ना? मग पुढचं तुम्हाला नीट समजेल.

जिच्यावर खरंच ही वेळ आली, त्या मुलीचं नाव सिद्धी बोरा. दोन हजार दोन साली ती सातवीत होती. तिचे आजोबा सुवालालजी जैन मंडळाचे चिटणीस होते. त्या वर्षी मंडळ समाजातल्या सगळ्या घरांचं नवं पुस्तक छापणार होतं. कोणतं घराणं राजस्थानातल्या कुठल्या गावाहून आलं, पणजोबा कोण, घरात आलेल्या सुना कुणाकडच्या, हे सगळं त्यात यायचं होतं. सुवालालजींनी फॉर्मसाठी घरोघरी तगादा लावला होता. आणि त्यांच्या स्वतःच्याच फॉर्मवर एक जागा मोकळी होती. पत्नी गुलाबबाई, जन्मतारीख?

"मंडळाचा चिटणीस, आणि त्याच्याच घरची माहिती अर्धवट," ते कुरकुरले. "तुला तुझी तारीख कशी ठाऊक नाही?"

"तेव्हा मी फार लहान होते," दादी म्हणाली.

सिद्धी हसली. मग म्हणाली, "दादी, तू शाळेत गेली होतीस ना? आमच्या बाई सांगतात, शाळेच्या रजिस्टरात नाव आणि जन्मतारीख कायमची राहते."

"गेले होते की. पारगावला, दुसरीपर्यंत."

म्हणून गुरुवारी दोघी एसटीनं पारगावला निघाल्या. उसाचा हंगाम होता. साखर कारखान्याकडे चाललेल्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगत होती.

वाटेत सिद्धी डिंपलदीदीच्या साखरपुड्याबद्दलच बडबडत होती. डिंपल फार उंच होती. बघायला आलेली मुलं तिला उभं राहिलेलं पाहिलं की गप्प होत. तीन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा तिनं घरातसुद्धा जरा वाकून चालायला सुरुवात केली होती. मग मंचरचा विपुल मुथा आला. तो तिच्यापेक्षा चार बोटं बुटका. तो म्हणाला, "बरं झालं, माळ्यावरचे डबे आता तुम्हीच काढा. आमची आई स्टुलावरून दोनदा पडलीये." डिंपल इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. त्या दिवसापासून ती ताठ चालत होती.

पारगावात दादीची बालमैत्रीण ठकूबाई राहायची. शाळेच्या शेजारीच तिचं घर. दादीला बघताच ती ओट्यावरून ओरडली, "गुलाब, मेले का जिती हाये ते बघाया आली व्हय गं?"

"तू मेलीस तर भांडायला कोण उरेल मला?"

"बस हितं. पोरगी, तू जा शाळेत. गुरुजी हायेत. आमी म्हाताऱ्या आता हालत न्हाई."

मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. त्याची पानं पिवळी पडली होती, कडा हात लावला की तुटत होत्या. ते पट्टीनं एकेक ओळ दाबून वाचू लागले.

"गुलाब गुगळे म्हणालीस ना? नाही बुवा. गुगळे आडनावाची मुलगीच नाही."

"नीट बघा ना सर. दादीचं माहेर गुगळेच आहे."

"गुलाब नावाची एकच आहे. गुलाब चुनीलाल कटारिया. वडील मयत. पालक मामा, धनराज गुगळे." त्यांनी चष्मा वर केला. "धनराज कोण तुमचे?"

धनराज हे दादीच्या वडिलांचं नाव आहे, असं सिद्धी आजवर समजत आली होती. तिनं मान हलवली, पण हो की नाही ते तिलाच कळलं नाही. गुरुजींनी उतारा लिहून, शिक्का मारून तिच्या हातात दिला.

आता इथे थोडं थांबून एक रीत समजून घ्या. सिद्धीच्या समाजात लग्न जमवताना चार गोत्रं टाळतात: वडिलांचं, आईचं, वडिलांच्या आईचं आणि आईच्या आईचं. या चार घराण्यांतली मुलं भावंडंच, असं मानतात. विपुलचं आडनाव मुथा. पण मुथा ही पूर्वीची पदवी. ते आडनाव लावणाऱ्या घरांची गोत्रं निरनिराळी असतात. लग्न ठरल्यावर सिद्धीनं मंडळाच्या याआधीच्या अशाच पुस्तकात विपुलचा लहानपणीचा फोटो शोधला होता. फोटोखाली छापलं होतं, गोत्र कटारिया.

म्हणजे दादीचं गोत्र आणि विपुलचं गोत्र एकच.

ती शाळेच्या पायरीवर बसली. तिचे तळहात घामानं ओले झाले होते. उतारा भिजेल म्हणून तिनं तो फ्रॉकच्या खिशात ठेवला, आणि मग खिशावर हात दाबून धरला.

ठकूबाईच्या ओट्यावर चहा झाला होता. सिद्धीनं जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "ठकूआजी, दादी इथे कुणाकडे राहायची?"

"कुणाकडं म्हंजी? मामाकडं. आईबाप पटकीनं गेले, ही व्हती दोन वर्साची. येडगावहून मामानं खांद्यावर आणली. पर मामीनं लई जीव लावला हो. आमाला तर मोठं झाल्यावर कळलं, का ही त्यांची लेक न्हाई."

दादी बशीतला चहा फुंकत राहिली.

परतीच्या गाडीत सिद्धी खिडकीकडे तोंड करून बसली. सांगितलं, तर दीदी पुन्हा वाकून चालेल. नाही सांगितलं, तर फॉर्मवर खोटं गोत्र जाईल. आणि आज ना उद्या मंचरचं कुणी पारगावला येईल, ठकूबाईच्या ओट्यावर चहा पिईल, आणि लग्नानंतर सगळं बाहेर येईल. तेव्हा दीदीनं काय करायचं? मंचरला गाडी बदलताना तिचा पाय पायरीवरून घसरला. दादीनं दंड धरला.

दुसरी गाडी सुरू झाल्यावर दादी म्हणाली, "तारीख मिळाली?"

"हो."

"आणि नाव काय लिहिलंय? कटारियाच ना?"

सिद्धीनं वळून पाहिलं. दादी समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"माझंच नाव मला माहीत नसेल होय?"

"तसं नाही. विपुलदादाचं गोत्र."

"तो बघायला आला त्या दिवशी मी आत पुऱ्या तळत होते. बाहेर तुझे दादाजी पाहुण्यांसमोर बोटांवर गोत्रं मोजत होते. बोरा, लुंकड, गुगळे, छाजेड, तुमचं कटारिया, कुठे अडत नाही. माझी एक पुरी जळली." दादीनं पदर सारखा केला. "कन्यादान मामांनी केलं. पुढे प्रत्येक कार्याला माहेरचा आहेर त्यांच्याच घरून आला. तुझे दादाजी तेच माझं माहेर समजतात. माझ्या सासू-सासऱ्यांना ठाऊक होतं, पण ते कधीच वारले."

"मग तू तेव्हाच बाहेर येऊन का नाही सांगितलंस?"

"निघाले होते. दारापर्यंत गेले. तेवढ्यात त्या डब्यांवरून डिंपल हसली."

कंडक्टर तिकिटं देऊन पुढे गेला.

"महिना झाला, मला झोप नाही," दादी म्हणाली. "बापाचा चेहरा मला आठवत नाही गं. ज्यांचा चेहरा आठवत नाही, त्यांच्यापायी नातीचं लग्न मोडायचं? असं वाटतं. आणि मग वाटतं, रीत आहे, आपण लपवणारे कोण? मला काही सुचत नाही."

"मग मी काय करू?"

"तू लहान आहेस. तू काही करू नकोस. तो कागद दे माझ्याकडे."

सिद्धीनं खिशात हात घातला. पण कागद बाहेर काढला नाही. नारायणगाव गेलं तरी तिचा हात तिथेच होता.

जुन्नरला पोचल्या तेव्हा दिवे लागत होते. सुवालालजी दुकानाच्या गादीवर फॉर्म उघडून, पेनाचं टोपण काढूनच बसले होते.

"सापडली का तारीख?"

"सापडली."

"शाबास. आण इकडे, आत्ताच भरतो. उद्या सगळे फॉर्म प्रेसला जायचेत."

दादी उंबऱ्यातच थांबली. वरून डिंपलचा आवाज आला. ती साखरपुड्याची साडी नेसून बघत होती आणि मम्मीला विचारत होती, "उंच टाचांच्या चपला घातल्या तर चालेल का गं? विपुल म्हणतो, खुशाल घाल."

सुवालालजींनी हात पुढे केला होता.

"दादाजी, थोडं थांबा," सिद्धी म्हणाली. "हे आधी दीदीला दाखवायचंय."

"तिला कशाला? जन्मतारीख तुझ्या दादीची."

"पण लग्न तिचं आहे."

सुवालालजींना काहीच उमगलं नाही. पेन तसंच हातात धरून ते कधी नातीकडे, कधी बायकोकडे पाहू लागले. सिद्धीनं उंबऱ्यापाशी जाऊन दादीचा हात धरला. दादीनं आधी तो सोडवून घ्यायला पाहिलं, मग तसाच राहू दिला. दोघी जिना चढल्या. सिद्धीनं मम्मीला खाली दादाजींकडे पाठवलं, दाराला आतून कडी घातली, दादीला खाटेवर बसवलं आणि आरशासमोरच्या डिंपलला म्हणाली, "दीदी, इकडे बस. दादी तुला तिच्या वडिलांबद्दल सांगणार आहे. तिला नाही जमलं, तर मी सांगेन."