जीपच्या पोटातला गाळ

आमची जीप विकायची ठरली तेव्हा मला कुणी विचारलंच नाय. नवऱ्याचा, नीलेशचा, बिरवाडीवरनं फोन आला. तो तिकडं कारखान्यात कामाला, खोली घेऊन राहतो, पंधरवड्यानं घरी येतो. म्हणाला, "सुरेखा, गिऱ्हाईक गावलं. महाडचा हर्षदशेठ. रविवारी येऊन बघंल नि घेऊन जाईल. इंजिन गेलंय तिचं, मेकॅनिकपण तेच म्हणतो."

आता ही जीप रोज चालवतं कोण? मी. सकाळी दुधाच्या किटल्या आणि शाळेच्या पाच पोरी घेऊन आमच्या धनगरवाडीवरनं पोलादपूरला उतरते, संध्याकाळी पोरींना घेऊन वर चढते. त्यातली एक माझी किरण, यंदा दहावीला. चालत म्हटलं तर दोन तास उतार नि अडीच तास चढ. मी सातवीत शाळा सोडली ती ह्याच चढापायी. गणितात पहिली यायचे हो मी! अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. जीप गेली की पोरींची शाळा गेली, एवढं सरळ होतं.

"विकायची नाय," मी म्हटलं.

"अगो, निम्म्या चढावर उकळते ती. किती दिवस ढकलशील?"

"रविवारी भरलेली जीप न उकळता वर आणून दाखवते. उकळली तर खुशाल न्या. पण नाय उकळली, तर परत विकायचं नाव काढायचं नाय. देता शब्द?"

तो हसला. "दिला," म्हणाला. हसा म्हटलं, घोडामैदान जवळच हाय.

दुसऱ्या दिवशी पोरींना शाळेत सोडलं नि एसटीनं महाड गाठलं. तिथं स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरवर दर्शना म्हणून एक मुलगी असते. तिला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "ताई, रेडिएटरमध्ये काय घालता?"

"पाणी. आणखी काय घालणार?"

"कुठलं?"

मग मला आमची रीत सांगावी लागली. चढ लागायच्या आधी वळणावर आसरांचा झरा हाय. सात बहिणी, पाण्याच्या देवता. वाडीत पहिली गाडी आली तेव्हापासनं ठरलंय, गाडीनं तिथं थांबायचं, बॉनेट उघडायचं, आणि झऱ्याचा एक तांब्या गाडीला पाजायचा. माझे सासरे, नाथूमामा, बरोबर असले की स्वतःच्या हातानं पाजतात. पाणी जांभ्या दगडातनं येतं, तांबूस असतं. जीप उकळायला लागली तशी मामांनी एकाचे तीन तांबे केले.

दर्शनानं कपाळाला हात लावला. "अहो, त्या पाण्यानं आत गंज आणि गाळ धरलाय. पाणी फिरतच नाही, मग इंजिन तापणार नाही तर काय? आधी धुऊन काढा, मग इंजिन गार ठेवणारं कूलंट भरा." तिनं साफ करायच्या औषधाची बाटली दिली, कूलंटचा कॅन दिला, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी दिलं, आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळी कृती लिहून दिली. वर बजावलं, "गाडी पूर्ण गार असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. वाफेनं तोंड भाजेल."

शनिवारी सकाळी गार जीप अंगणात घेतली, वरचं झाकण काढलं, खाली घमेलं ठेवलं नि रेडिएटरचा तळातला नळ सोडला. थेंब येईना! नळच तुंबलेला. तार घालून टोकरलं, तेव्हा भसकन जे आलं त्याला पाणी म्हणायचं पाप मी करणार नाय. विटेचा चिखल होता तो.

नळ बंद करून हंड्यानं पाणी भरलं, औषध ओतलं, हीटर पूर्ण चालू करून इंजिन पाव तास चालू ठेवलं. मग गार व्हायची वाट बघायची, आणि परत सोडायचं. परत तांबडं. मग साधं पाणी भरून तसंच. परत तांबडं. खालचा रबरी पाइप काढून उलटं पाणी मारलं, तर खपल्याच पडल्या. तिसरा हंडा ओतताना सासू, चिमाबाई, माझ्यावर उखडली.

"डोक्यावरनं आणलेलं पाणी त्या लोखंडाच्या नरड्यात वततीस? लाज नाय वाटत?"

"आत्या, लाज वाटते ती आजवर ह्याच्यात काय वतलं त्याची. या, बघा."

ती आली. घमेल्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं. चुंबळ उचलली नि विहिरीकडं गेली. नंतरचे दोन हंडे तिनं आणले.

सहाव्या वेळी पाणी स्वच्छ आलं. मला तर नाचावंसं वाटलं. घाण पाणी लांब खड्ड्यात पुरलं आणि वासरू, कुत्रा, शेरडं सगळी बांधून घातली, कारण कूलंट गोड असतं आणि जनावरानं चाटलं तर मरतं. मग ते हिरवं कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरलं. झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू केलं. हवेचे बुडबुडे येत राहिले, मी भर घालत राहिले. बुडबुडे थांबले तेव्हा झाकण लावलं आणि रेडिएटरला जोडलेली बाजूची बाटली खुणेपर्यंत भरली.

रविवारी पोलादपूरला नीलेश आणि हर्षदशेठ चढले. बाजाराची माणसं, पोती, मामा, आत्या, जीप खच्चून भरली. झरा आला. थांबले, नारळ फोडला, पाया पडले. मामा तांब्या भरून आले.

"बॉनेट उघड."

"नाय उघडणार, मामा."

मामांनी भरलेला तांब्या माझ्यापुढं धरला. "सुरेखा, आसरांचा कोप व्हईल. पाणी पाजल्याबिगर आजवर एक गाडी वर गेली नाय."

"पाणी आसरांचं हाय, माणसानं प्यावं. मी पण पिते. जीपला नाय." आणि मी त्यांच्या हातातनं तांब्या घेऊन घटाघटा प्याले. खरं सांगते, भीती वाटत होती. लहानपणापासनं पाया पडते मी तिथं. पण पोरींची शाळा डोळ्यांपुढं होती.

"एक तांब्या तर हाय," नीलेश कुजबुजला. "कशाला हट्ट?"

"एका एका तांब्यानंच मारलीत तिला!"

मागची माणसं उतरायला लागली. एक, दोन, चार. नीलेशनं तेच धरलं. "रिकामी चढली तर ती परीक्षा नाय."

तेव्हा आत्या मागनं ओरडली, "बसा गो समद्या! ह्या हातानं काल गाळ चोळून बघितलाय मी. तसलं पाणी मी लेकराला पाजलं नसतं. कोप झाला तर माझ्यावर होऊ दे." बायका बसल्या. बायका बसल्यावर बापये काय, बसलेच. मामा तेवढे तरातरा चालत निघाले.

पहिला चढ. नजर गाडी किती तापली ते सांगणाऱ्या काट्यावर. काटा निम्म्यावर. दुसरं वळण, जिथं रोज वाफ यायची. काटा निम्म्यावर. तिसरा, सगळ्यात खडा चढ पहिल्या गिअरवर घेतला. काटा हलला नाय! वाडीत येऊन इंजिन बंद केलं तेव्हा मला रडू आलं, आणि मी रडले, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

माणसं उतरली. हर्षदशेठनं बॉनेटवर हात फिरवला. "नीलेशराव, गाडी तर झकास निघाली. ठरल्यापेक्षा वर देतो. बोला."

नीलेशनं माझ्याकडं बघितलं, मग शेठकडं. चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. "सुरेखा, आता भाव चांगला येतोय तर..."

"शब्द दिलाय तुमी."

"अगो, गाडी माझ्या नावावर हाय."

"असंल. शब्दपण तुमच्याच नावावर हाय." मी परत स्टिअरिंगवर बसले. "किरण उद्या सातला शाळेत जायची हाय. तिला तुमी सांगा जीप विकली म्हणून. तिच्या तोंडावर सांगा."

किरण घराच्या दारातच उभी होती. नीलेशनं तिच्याकडं एकदा बघितलं नि मान खाली घातली. "शेठ, राहू द्या," म्हणाला.

"बसा शेठ," मी म्हटलं. "खाली सोडते. इथनं दुसरी गाडी नाय."

शेठला घेऊन पोलादपूर गाठलं. स्टँडवर दार उघडता उघडता म्हणाला, "वहिनी, कधी विचार बदलला तर..."

"उतरा," मी म्हटलं.