आई बोराटी, बाप बोर

"चपला घाला म्हणलं तर घालायच्या न्हाईत. हातमोजे आणून दिले, ते गव्हाणीत सापडले. आता हाताची चाळण झाली, ती निवडत बसायला आमी हायेच."

विमल स्वतःशीच पुटपुटत होती. नवऱ्याचा तळहात मांडीवर घेऊन सुईनं काटे काढत होती. गंगाराम शहाण्या पोरासारखा हात पुढं करून बसला होता.

त्यांची लेक ज्योत्स्ना बारामतीच्या कॉलेजातून कळस गावापर्यंत गाडी जवळजवळ उडवतच आली होती. हेल्मेटसुद्धा डोक्यावरच होतं. बातमीच तशी होती. त्यांच्या बांधावरचं ते एकुलतं झुडूप, ज्याचं पान रानातल्या काटेरी बोराटीपेक्षा मोठं आणि बोरापेक्षा लहान, ज्याच्या फळातली बी कायम पोचट, त्याच्यापायी तिनं कॉलेजात चारचौघांची थट्टा सोसली होती. बांधावर पाणी मुरतं, पान मोठं होणारच, असं सगळे म्हणायचे. आज प्रयोगशाळेतून फोन आला. पानाच्या हिरव्या कणांतला वारसा आईकडूनच येतो, तो निघाला बोराटीचा. बाकीचा निम्मा तिचा, निम्मा बोराचा. कुणी कलम केलं नव्हतं. माश्यांनी परस्पर जमवलेली सोयरीक होती ती. आता श्रावणात फुलं येतील, ती मिळाली की काम पुरं. तेवढं झाड जपा, असं प्रयोगशाळेतल्यांनी बजावलं होतं. बी रुजत नाही, दुसरं झाड नाही.

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. विमलची सुई थांबली. ज्योत्स्नाचा भाऊ समाधान रात्रपाळी करून आला होता, तो चहाच्या कपात बघत राहिला.

"कुणीतरी तोडलं गं ते," विमल म्हणाली. "मेंढरंवाले आले हुते."

ज्योत्स्ना बांधाकडं पळाली. बाजरीला नवं कुंपण झालं होतं. बोराटीच्या फांद्या, बुडखे आत, शेंडे बाहेर, वर धोंडे. पंचक्रोशीत असं काटेकोर कुंपण एकच माणूस घालायचा, आणि आयुष्यभर त्यानं कुंपणासाठी हे एक झुडूप सोडून बाकीची बोराटी तोडली होती. आज त्याच कुंपणात तिची ओळखीची पानं सुकत होती. झुडपाच्या जागी खड्डा होता. मुळंसुद्धा कुदळीनं उपसून उन्हात टाकलेली.

मेंढरांना कुदळ चालवता येत नाही, हे तिला कळत होतं. तरी ती परत येऊन सगळ्यांना विचारत राहिली, कोण आलं होतं, कधी आलं होतं. समाधाननं दोन-तीन नावं घेतली आणि तीही गिळली.

एक फांदी मात्र पाटाच्या ओलीत पडल्यानं हिरवी राहिली होती. तिच्यावर डोळे होते, म्हणजे फुटव्याच्या जागा. असा डोळा सालीसकट काढून जवळच्या बोराटीत भरला, तर झाड वाचणार होतं. तिनं गोणपाट ओलं करून फांदी गुंडाळली, चाकू घेतला. पहिला डोळा फाटला. दुसराही फाटला. घामानं चाकू निसटत होता. पुस्तकातली आकृती तिला पाठ होती, पण आकृतीला घाम येत नाही. समाधाननं इंदापूरच्या कलमवाल्याला फोन लावला. तो उद्या येतो म्हणाला. डोळे कडेनं सुकायला लागले होते; उद्यापर्यंत फांदी कसली टिकते?

आणि घरातच तो माणूस बसला होता, ज्याला बोराला डोळे भरायला कळंबपासून पणदऱ्यापर्यंत लोक गाडी पाठवून न्यायचे. ज्योत्स्ना आईकडं बघत होती. आईनं आधीच मान फिरवली होती.

"आबा," तिनं चाकू आणि फांदी त्याच्या हातात दिली. "तुमी तोडलं असलं तरी मी काय म्हणत न्हाय. पण एवढा एक डोळा भरून द्या. माझं सगळं त्यावर हाय."

गंगारामनं चाकूची धार अंगठ्यावर पाहिली, तशीच, नेहमीसारखी. तिच्या जिवात जीव आला. मग त्यानं फांदी उभी धरली आणि शेंड्यापासून बुडख्यापर्यंत साल सोलत नेली. डोळे एकेक करून पायाशी पडले. पांढरी, गुळगुळीत काडी त्यानं अदबीनं तिच्यापुढं धरली.

"घ्या म्याडम. दातवण चांगलं हुईल."

तिला म्याडम म्हणणं ही ती प्राध्यापक झाल्याची त्याची चेष्टा, असं समजून भीमजयंतीपासून घरात सगळे हसत आले होते. समाधान सवयीनं हसायला गेला आणि मधेच थांबला.

"आबा, आता चेष्टा पुरे," ज्योत्स्ना म्हणाली.

विमलनं खाली वाकून साली गोळा केल्या. त्या पदरात धरून ती तशीच उभी राहिली.

"चेष्टा न्हाय ती, पोरी. तू कोण, हे त्यांना आता आठवतच न्हाय."