चौदा नंबरच्या फळांचा पत्ता

प्रयोगशाळेत चौदा नंबरच्या नळीतला रंग इतका गडद निळा आला, की मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी चुकलं. फळं तर नेहमीचीच, दलदलीत आपोआप उगवणारी पिवळी रानफळं, हिल्ला. गोठवून सुकवायची, पूड करायची, अॅसिटोन आणि पाण्यात अंधारात हलवत ठेवायची, अर्क गाळून त्यात रंग आणणारं रसायन घालायचं आणि वाट पाहायची. निळा जितका गडद, तितकी फळात अँटिऑक्सिडंट द्रव्यं जास्त.

मी पुन्हा पूड तोलली, पुन्हा अर्क काढला. असं तीनदा केलं, पण आकडा जागचा हलला नाही. फिनलंडमधल्या आमच्या इलोमान्त्सीच्या तीस जणांनी आम्हाला फळं दिली होती. त्यांत चौदा नंबरची, म्हणजे इरिन्याआजींची, सरस ठरली.

"पण हा नमुना बाद," आमचे प्रमुख तूक्का म्हणाले. "फळं कुठे तोडली त्या जागेचा रकाना कोरा आहे. शुक्रवारी अहवाल जायचाय, ओक्सेन्या. जा, विचारून ये."

मी आजींच्या घरी गेले तो बुधवार होता, म्हणजे दूधही वर्ज्य असलेला माझा उपास. आजींनी न विचारताच कॉफी बिनदुधाची दिली. त्याही आमच्याच ऑर्थोडॉक्स चर्चच्या.

"सगळ्यांत जास्त?" त्यांनी दोनदा विचारलं. "आमचे हे जन्मभर हेच सांगायचे. सगळे हसायचे त्यांना."

"आता छापून येईल, आजी. फक्त जागा सांगा."

"दुसरं काय हवं ते माग."

"नाहीतर तुमची फळं वगळतील हो."

"अगं, सुनेला नाही सांगितली मी. फादरनी विचारलं तेव्हा खोकून वेळ मारून नेली. तुला सांगू होय?" मग त्यांचा हात टेबलावरच्या कापडावरून फिरत राहिला. "खरंच वगळतील?"

"हो."

"मग वगळू देत. बाकीच्यांसारखी थाप मारून येशूच्या तसबिरीपुढे कुठल्या तोंडानं उभी राहू?"

"बाकीच्यांसारखी?"

"खरी जागा कोण देतं गं? शिकलीस एवढी, पण भोळी ती भोळीच!"

परत आल्यावर मी सगळ्यांनी दिलेल्या जागा नकाशावर टाकून पाहिल्या. तीन नंबरची फळं दुकानासमोरच्या गाड्यांच्या तळावर पिकली होती. एकवीस नंबरची आमच्याच चर्चच्या घंटाघरावर. दोघा शेजाऱ्यांनी तर एकमेकांची अंगणं दाखवली होती. आणि नऊ नंबर तळ्याच्या मधोमध.

संध्याकाळच्या प्रार्थनेत माझं मन लागेना. सांगावं तर चुगली, आणि गप्प राहावं तर खोटं न लिहिणारी एकटीच बाद होणार.

सकाळी मी तूक्कांच्या टेबलापाशी गेले. "नऊ नंबर तुमचा ना?"

"हो. का गं?"

"पाण्याखाली आहे."

त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. कान लालबुंद झाले. "उपग्रह चुकला असेल."

"मग खरी जागा टाकू?"

ते उठले, दार लावून आले. "माझी बायको हे अहवाल वाचते, ओक्सेन्या."

"मग?"

"तिलाही माहीत नाही ती जागा."

मी ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलंच. मग बाकीचा नकाशा दाखवला. घंटाघरापाशी तेही हसले. पण दुकानापाशी आल्यावर त्यांचं हसू मावळलं.

"म्हणजे हा अख्खा रकानाच खोटा."

"एक कोरा सोडून."

त्यांनी रकाना काढून टाकला, आणि कुठल्या जागी कसली फळं याबद्दल स्वतः लिहिलेली दोन पानंही, एक शब्द न कुरकुरता. सगळ्यांपुढे फक्त इलोमान्त्सी एवढंच राहिलं. चौदा नंबर यादीत पहिला होता तिथेच राहिला.

शुक्रवारी मी आजींना फोन केला.

"वरती आहे?"

"सगळ्यांत वरती."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"आणि जागा?"

"नुसतं इलोमान्त्सी लिहिलंय."

"एवढं तरी कशाला सांगायचं गं त्यांना!" आजी म्हणाल्या. "आता सगळे बादल्या घेऊन येतील बघ."