तांदळाच्या कोठीखालचे ठोकळे

सर्जेरावांच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पडेगावातल्या आमच्या संगीतवेड्या मंडळाचे बाराही जण आले होते आणि माना पुढं काढून बघत होते. समोर विश्वजीत नावाचा तरुण विक्रेता गुडघ्यांवर बसून स्पीकरच्या केबलखाली एकेक सागवानी ठोकळा सरकवत होता, देवापुढं पाट मांडावा तसा.

"हे नुसतं लाकूड नाही, हे केबलचं आसन आहे," तो म्हणाला. "जमिनीत स्थिर वीज असते, कंपनं असतात. ती सगळी स्वरांत मिसळतात. केबल फरशीवर पडलीय म्हणजे गवई चिखलात बसलाय! त्याला वर उचला, श्वास घेऊ द्या."

मग त्यानं ठोकळ्यांआधी ऐकवलेलीच सतार पुन्हा लावली. तारा झळाळल्या, तबला पुढ्यात येऊन बसला.

"अगागा!" सर्जेराव ओरडले. "पडदाच सरकला की हो!"

मी डोळे पुसले. लिहिताना लाज वाटते, पण खरंच पुसले. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्त झाल्यापासून कायमच कन्नड, खुलताबादकडच्या गावांतून बुवांचे चमत्कार उघडे पाडत फिरतो. पाण्यानं पेटणारा दिवा, रिकाम्या मुठीतली राख, सगळं मला ठाऊक. असा हा मी त्याच दिवशी आठ ठोकळे घेऊन घरी आलो आणि दिवाणामागून जाणाऱ्या केबलखाली स्वतःच्या हातानं मांडले.

पुढचे दोन महिने येईल त्याला बसवून ऐकवत होतो. दिवाळी झाल्यावर मंडळाची बैठक माझ्याकडं ठरली, तेव्हा मी इम्रानलाही बोलावलं. शहागंजात त्याचं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. गावोगावच्या माझ्या प्रयोगांत मी नोकरीत असल्यापासून, वीस वर्षं, तो सोबत होता. सामान त्यानंच बनवलेलं.

त्यानं शांतपणे ऐकलं. "सर, मला तर काय फरक वाटला नाय. करंटला काय मालूम, खाली फरशी हाय का हवा? एक चादर बांधू. मी मागं बसून कधी ठोकळे लावतो, कधी काढतो. तुम्ही फक्त सांगायचं. कन्नडला केलं तसंच."

कन्नडच्या एका बुवाच्या अंगाऱ्याला म्हणे चंदनाचा वास यायचा. आम्ही साध्या राखेच्या चार पुड्यांत त्याची एक मिसळली, तर त्याला स्वतःचीच ओळखता येईना. "ज्यांचं मन साफ नाही त्यांच्यासमोर वास येत नाही," म्हणून तो उठून गेला होता.

आणि मी काय बोललो? "इम्रान, तू जन्मभर वरातीचे भोंगे दुरुस्त केलेस. तुझ्या कानांना हे काय कळणार? त्याला मन मोकळं लागतं."

सगळे हसले. इम्राननं अर्धा चहा तसाच ठेवला, "ठीक है, सर," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिक्षावाला आमच्या प्रयोगांची पत्र्याची पेटी दारात ठेवून गेला. इतकी वर्षं ती इम्रानच्या दुकानात असायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पेटीला जागा करायला मी स्वयंपाकघरात वाकलो, तर तांदळाची कोठी माझ्या ठोकळ्यांवर उभी.

"वच्छलाबाई, हे इथं कसे?"

घरकाम करणाऱ्या वच्छलाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "दसऱ्याच्या सफाईला दिवाण सरकवला का नाय, तवा काढले. पुसायला आडवं येत व्हतं. इथं कोठीखाली लई ओल धरायची, म्हणलं कामाला येतील. का, पायजे व्हते?"

दसऱ्यापासून! म्हणजे काल केबल फरशीवरच होती. त्याच फरशीवरच्या केबलचे स्वर मी डोळे मिटून वाखाणले आणि ज्याचे कान शाबूत होते त्याला बहिरा ठरवला. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तडक शहागंजात गेलो. इम्राननं मान वर केली नाही. मी सगळं सांगितलं, बुवाचं वाक्य माझ्याच तोंडून निघालं हेही सांगितलं.

"सर, बोलले सगळ्यांसमोर," तो म्हणाला, "आणि माफी इथं मागता, कोनी नाय तेव्हा?"

"रविवारी सर्जेरावांकडं ये, सगळ्यांसमोर मागतो," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी तो सर्जेरावांकडं आला, दाराजवळच बसला. विश्वजीतही नवे ठोकळे घेऊन हजर होता. मी उभा राहिलो आणि कोठीपासून कानांपर्यंत सगळं सांगून इम्रानची माफी मागितली. यावेळी कुणी हसलं नाही.

मग इम्राननं मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं. "भाई, तुमचा खेळ पुन्हा दाखवा." विश्वजीतनं मोठ्या तोऱ्यात दाखवला. ठोकळे लावल्यावरचा आवाज थोडासा, पण नक्की, मोठा भरला.

"आता खिशातला रिमोट टेबलावर ठेवून दाखवा."

रिमोट टेबलावर आला आणि चमत्कार संपला; ठोकळे लावल्यावर तो खिशातूनच आवाज किंचित वाढवत होता. थोडा मोठा आवाज कानाला जास्त स्वच्छ वाटतो, एवढंच त्याचं शास्त्र. विश्वजीत "हवामानाचा परिणाम" असं काहीतरी पुटपुटत ठोकळे गोळा करू लागला.

पण माझ्या घरी तर रिमोट माझ्याच हातात होता. तिथं मला कुणी फसवलं? ते कळायला आम्ही चादर बांधली. इम्रान मागं बसला, नाणं उडवून कधी केबल उचलायचा, कधी खाली ठेवायचा. दहा वेळांत माझी चार उत्तरं बरोबर आली, सर्जेरावांची पाच. नाण्यालाच विचारलं असतं तरी तेवढीच आली असती. फरक केबलमध्ये नव्हता. तो ऐकायचाच, असं ठरवून आम्ही बसत होतो.

म्हणून सांगतो, अंगारा असो की ॲम्प्लिफायर, दावा करणारा बुवा असो की विज्ञानाचा मास्तर, चादरीआड तपासल्याशिवाय मान डोलवू नका. आणि कुणी तपासू म्हणाला, तर त्याच्या कानांना नावं ठेवू नका.

निघताना इम्राननं विचारलं, "पेटी तुमच्याकडंच हाय ना? शनिवारी खुलताबादला प्रोग्राम हाय. घेऊन या. सामान तपासावं लागंल."

ठोकळे अजून कोठीखालीच आहेत. तिथं ते उपयोगी पडतात, कारण ओल फरशीतून खरंच वर चढते.